पासंग

आमच्या अंबाजोगाईच्या कोर्टात
साक्षीदार एका मराठीत बोलतो,
साहेब दुसऱ्या मराठीत सांगतात,
मी तिसरीत टाइप करते.
हिच्यात कुणी मरत नाही,
मयत होतो.

दस्तगीर मुलाणी, वय चोवीस, धंदा वेल्डिंग.
विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीचा संशय.
मंगळवारी रात्री ठाण्यात,
शुक्रवारी पहाटे दवाखान्यात,
मधले दिवस स्टेशन डायरीत
दोन ओळींचे.

डॉक्टर कुलथेबाई साक्षीला उभ्या राहिल्या
तेव्हा साहेबांनी पंखा बंद करायला लावला,
शब्द नीट यावेत म्हणून.
मे महिना. बोटं कीबोर्डला चिकटत होती.
तळपायांवर चौदा वण, काळेनिळे.
मांड्यांत खोलवर रक्त साकळलेलं.
हृदय दोनशे ऐंशी ग्रॅम,
एका नळीत थोडी चरबी.
मूत्रपिंडांत तपकिरी काही साचलेलं.
'सोप्या भाषेत,' साहेब म्हणाले.
बाई थांबल्या.
'मांस चिरडलं की त्यातलं लाल
रक्तातून खाली उतरतं.
गाळणी तुंबते, साहेब.'
मी तसंच घेतलं.
गाळणी खोडायला कुणी सांगितलं नाही.

सारडा वकील सावकाश उठले.
'दिवसभर उन्हात राबलेल्या माणसालाही असं होतं?'
'होऊ शकतं. पण तळपाय...'
'विचारलं तेवढंच. चरबीनं हृदय बंद पडतं?'
'चोविसाव्या वर्षी...'
'हो की नाही?'
'शक्यता नाकारता येत नाही.'

सव्वीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा टाइप केलंय
की बोटं ते माझ्याआधी संपवतात.

बाहेर टपरीवर रोज निकाल लागायचा.
म्हातारे बेलीफ म्हणाले, तिकडं मुंबई इलाख्यात
पूर्वी ज्युरी बसायची म्हणे. आपल्याकडं निजाम.
आता हा चहावाला.
त्या दिवशी दोन कटिंगमध्ये
चौघं जन्मठेपेवर, तिघं हृदयविकारावर,
एकानं विचारलं, 'पण मोटार घावली का?'
आणि नववा, बळीराम तेलंगे,
मरणोत्तर पंचनाम्यावर ज्याची सही,
बशीत फुंकर घालत बसला.
घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून
केसाएवढी स्प्रिंग बसवतो.
साक्षीत म्हणाला होता,
तळपाय दिसले नाहीत, चष्मा घरी राहिला होता.

रहिमतबी आली ती पदराच्या गाठीत कागद घेऊन.
आठवडी बाजारात चिंच विकते.
शपथ घेतली, नाव सांगितलं,
मग विचारल्याशिवायच बोलली:
'माझ्या लेकराचं काळीज तोललं म्हन्त्यात.
तोलताना आदी रिकामा तराजू
धरून दावला व्हता का कुनी?
पासंग असतोय, साहेब.
मी रोज बगते.'
कुणीतरी हसलं. साहेबांनी वर पाहिलं,
हसू थांबलं.
'हे घेऊ नका,' मला म्हणाले. 'असंबद्ध आहे.'
मी घेतलं नाही.
म्हणून इथं लिहितेय.

निकालाच्या दिवशी एकशे बारा पानं.
ऐंशीव्या पानावर डॉक्टरबाईंचं सगळं एका ताटात,
एक शक्यता दुसऱ्या ताटात.
मारहाण शाबीत.
मरण मारहाणीनंच आलं, हे शाबीत नाही.
हवालदाराला तीन वर्षं, शिपायाला दोन,
फौजदार संशयाचा फायदा घेऊन
माझ्या टेबलाजवळून बाहेर गेले.
पान सत्त्याण्णववर एक टंकदोष राहिला होता:
मयतच्या जागी मायत.
मीच दुरुस्त केला.

पुढच्या बाजारी मी चिंच घ्यायला गेले.
अर्धा किलो पुरे होती, एक म्हणाले.
तिनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
तराजू उचलला. रिकामा.
एक ताट किंचित खाली.
पोत्याच्या कोपऱ्यातला खडा काढून
दुसऱ्यात ठेवला,
पुन्हा धरला,
काटा हलायचा थांबेपर्यंत
माझ्याकडे बघितलं नाही.

मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती.